कशावरून विचारणाऱ्या साळवेबाई

साळवेबाई आमच्या पुढच्या खोलीत राहत होत्या, तोवर घरात ‘आज फार उकडतंय’ एवढं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. म्हटलं की त्या मान तिरपी करून विचारणार, “कशावरून?” त्यात भांडण नसायचं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. मग आपण काहीतरी सांगायचं, की घाम येतोय, मांजर फरशीवर पसरलंय. त्या नीट ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “मांजराचं पटलं. घाम तुम्हाला जिना चढल्यामुळंही आला असेल, मावशी.”

आमच्या गावात, निमोण्यात, असलं कुणी ऐकून घेत नाही. आमचे आबा (म्हणजे माझे मालक, पण सगळं गाव त्यांना आबा म्हणतं म्हणून मीही म्हणते) आभाळाकडं बघून पाऊस सांगण्यात मोठे पटाईत समजले जातात. निदान ते स्वतः तसं समजतात. बाई राहायला आल्या त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ते ओट्यावर बसून म्हणाले, उद्या पाऊस येणार.

“कशावरून, आबा?”

“मी म्हणतो म्हणून.”

“गेल्या सोमवारी तुम्ही म्हणालात आणि आला नाही.”

“तवा पाऊस चुकला,” आबा म्हणाले, आणि गोठ्यात निघून गेले.

मी आत तोंडात पदर कोंबून हसत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात मला जे विचारता आलं नाही, ते ह्या बाईनं चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारलं होतं.

बाई बुटक्या, पन्नाशीच्या अलीकडच्या. केस आखूड, पायात पुरुषी बूट, खांद्याला कायम एक पिशवी आणि पिशवीत तीनचार मोबाईल. पुण्याकडं एका कॉलेजात शिकवायच्या आणि संशोधन करायच्या. डाळिंबावर तेल्या पडला की नाही हे मोबाईलला ओळखायला शिकवायचं, हे त्यांचं काम. ज्यांच्या घरी डाळिंब नाही त्यांच्यासाठी सांगते. तेल्या म्हणजे फळावर पडणारा तेलकट काळा डाग. आधी एवढासा असतो, मग फळ तडकतं आणि बघता बघता बाग जाते. सुरुवातीला दिसला तर तेवढी फळं काढून जाळायची, बाकीची वाचतात. पण सुरुवातीचा डाग ओळखणारा माणूस दरवेळी कुठून आणायचा? म्हणून मोबाईल. फळाचा फोटो काढायचा, मोबाईल सांगणार.

गावानं त्यांचं नाव फोटोवाली मॅडम ठेवलं. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतले बागायतदार त्यांना फोटो पाठवायचे. हे फळ चांगलं, हे तेल्याचं. बाई ते सगळे मशीनला दाखवायच्या. आबांनी एकदा ह्याचा खुलासा मागितला.

“म्हंजी तुम्ही त्याला सांगता की डाग असा असतो, तसा असतो?”

“नाही आबा. मी फक्त सांगते, हे फळ चांगलं, हे वाईट. हजारो फोटो दाखवते. कशावरून ओळखायचं ते मशीन आपलं आपण शोधतं.”

“पोरास्नी शिकवल्यागत.”

“पोरं बरी. ती ‘का’ म्हणून विचारतात. हे कधीच विचारत नाही.” मग म्हणाल्या, “तेच तर अवघड आहे.”

बाई मूळच्या दौंडच्या. वडील रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, बालपण रेल्वेच्या क्वार्टरात गेलेलं. गार्ड शेवटच्या डब्यात बसतो. बाई सांगायच्या, ड्रायव्हरला पुढचं दिसतं, माझ्या वडलांना फक्त होऊन गेलेलं दिसायचं. ती सवय लेकीत उतरली होती. त्या तरातरा चालायच्या, पण दर थोड्या वेळानं थांबून मागं वळून बघायच्या. रस्त्यानं, बांधावर, अगदी आमच्या अंगणातसुद्धा. गावातल्या बायकांना आधी वाटलं, ह्या बाईच्या मागं कुणीतरी लागलंय. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं त्या संशयाला खतपाणीही मिळालं.

त्यांचा दुसरा शब्द होता ‘झकास’. तो त्या फक्त काही बिघडलं की वापरायच्या. एकदा मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “झकास.” मला वाटलं टोमणा आहे. पण त्या कप घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या, माझ्या दोन्ही बरण्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या आणि म्हणाल्या, “मावशी, तुम्ही साखर ओळखतच नाही. तुम्ही फक्त डावीकडची बरणी ओळखता. आज कुणीतरी बरण्या हलवल्यात.” हलवल्या होत्या. आबांनी, गूळ शोधताना.

आता इथं मला माझ्या सासूबाईंची आणि एका मूर्ख मुलीची गोष्ट सांगायला हवी. मूर्ख मुलगी म्हणजे मीच.

माझं माहेर शिरूरचं. लग्न होऊन निमोण्यात आले तेव्हा मी मॅट्रिक पास होते, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते. भाकरी गोल यायची नाही, पण चंद्राच्या कला सांगता यायच्या. परसात सासूबाईंचा दुधीचा वेल होता. त्या म्हणायच्या, कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, हात लावू नये, फळ कुजतं. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवावं. हा नियम आमच्याकडं घरोघर आहे. पण मी मॅट्रिक. मी एका सकाळी वेलापाशी उभी राहिले, सासूबाईंना हाक मारून बोलावलं आणि एकेका कोवळ्या दुधीला हात लांब करून बोट दाखवलं. एकही सोडला नाही. हेडमास्तर हजेरी घेतात तशी.

काही दिवसांत सगळे दुधी पिवळे पडून गळाले.

पण मी हरायला तयार नव्हते. पुस्तकात शोधलं आणि चुलीपाशी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं, की फळमाशी नावाची माशी असते, ती कोवळ्या फळात अंडी घालते, त्यामुळं फळ कुजतं, बोटाचा काही संबंध नाही. सासूबाईंनी भाकरी उलटली आणि विचारलं, “आन् माशीला कुणी दाखवलं, कुठं बसायचं ते?”

मॅट्रिकनं पुस्तक मिटलं.

ही गोष्ट मी साळवेबाईंना सांगितली तेव्हा त्या पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “तुमचं चुकलं कुठं सांगू, मावशी? तुम्ही सगळ्यांनाच बोट दाखवलंत. निम्मे दुधी बोटाशिवाय सोडायचे होते. मग कळलं असतं.”

मी म्हटलं, तेवढी अक्कल असती तर सासूशी वाकडं घेतलं असतं का?

असं सगळं मजेत चाललं होतं. बाईंचं तीन वर्षांचं काम पुरं होत आलं होतं. दौंडला मोठा कार्यक्रम ठरला, त्यात शेतकऱ्यांसमोर हे तेल्या ओळखणारं अ‍ॅप सुरू होणार होतं. त्या दिवसावर बाईंचं पुष्कळ अवलंबून होतं. कॉलेजातली बढती आणि पुढचं संशोधन, दोन्ही. गावातल्या मोजक्या लोकांच्या मोबाईलवर ते अ‍ॅप आधीच घालून दिलं होतं, वापरून बघायला. त्यातले एक आमचे शेजारी भिवामामा.

भिवामामांच्या घरी वडलांपर्यंत मेंढरं होती. मामांनी मेंढरं विकून डाळिंब लावलं, आणि त्यांची ती पहिलीच बाग, झाडांवर जुन्या साड्या पांघरून उन्हापासून जपलेली. लिंबाएवढी फळं धरली होती. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले. टोपी गुडघ्यावर ठेवलेली. मामा टोपी कुणाच्या मयतीलाच काढतात.

“मॅडम, समदी बाग गेली,” ते म्हणाले. “मोबाईल म्हनतो, तेल्या हाय. हरेक झाडाला. पोरांला सांगून आलोय, फळं तोडून जाळायला घ्या.”

बाईंनी ‘कशावरून’ विचारलं नाही. पायात बूट न घालताच पळाल्या. मी मागून, माझ्या गुडघ्यांना झेपेल तशी.

पोरांनी खड्डा खणला होता, तोडायला अजून हात घातला नव्हता. बाईंनी त्यांना थांबवलं आणि एकेक फळ फिरवून फिरवून बघितलं. कुठं डाग नव्हता. मग साडी बाजूला सारून एका फळाचा लांबून फोटो काढला. मोबाईल म्हणाला, फळ निरोगी. मामांना म्हणाल्या, आता तुम्ही काढा, मघाशी काढला तसाच. मामांनी डाव्या हातात फळ धरलं, अंगठ्यानं जरा दाबून बघितलं, आणि फोटो काढला. मोबाईल म्हणाला, तेल्या.

फळ तेच होतं.

“मामा, हात असा का लावता?”

“हात लावल्याबिगर कसं कळंल? मेंढराला बघून कळतं व्हय, आजारी हाय का न्हाई ते? अंगावरनं हात फिरवावा लागतो.”

बाई बांधावर बसल्या. मग म्हणाल्या, “मामा, फळ सोडा. नुसता हात धरा.” मामांनी मोकळा तळहात पुढं केला. मोबाईल म्हणाला, तेल्या रोग, फळे काढून नष्ट करा. मला राहवेना. मीही माझा बांगड्यांचा हात पुढं केला. माझ्या बाबतीत तर मोबाईलची खात्री आणखी जास्त निघाली.

“झकास,” बाई म्हणाल्या. पण ह्या वेळी तो शब्द हळू आला.

दुपारभर त्यांच्या खोलीत आम्ही फोटो बघत होतो. सगळे शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर आंधळ्यालाही दिसलं असतं. तेल्याचं फळ दाखवायला प्रत्येकानं ते हातात धरलं होतं, डागावर बोट ठेवून. आणि चांगल्या फळाचा प्रत्येक फोटो लांबून, हात न लावता काढलेला. बाई स्वतःशीच म्हणाल्या, “चांगल्या फळाला हात का नाही लावला? एकानंही?”

त्यांना कळायच्या आधी मला हसू फुटलं. चांगल्या कोवळ्या फळाला हात कोण लावणार? दोन तालुक्यांतल्या घराघरांतून सासवांनी सांगून ठेवलंय की बोट दाखवलं की फळ कुजतं. मी स्वतः बाईंसाठी आमच्या डाळिंबांचे फोटो काढताना दुसरा हात पाठीमागं धरत होते. मॅट्रिक पास सून सत्तरीत बघता बघता सासू झाली होती, आणि तिला पत्ताही नव्हता.

बाईंनी कपाळावर हात मारला. “म्हणजे माझ्या मशीननं डाग बघितलाच नाही. ते हात शोधायला शिकलं. तीन वर्षं मेहनत करून मी तुमच्या सासूबाईंना मोबाईलमध्ये बसवलं, मावशी.”

संध्याकाळी त्यांच्या साहेबांचा फोन आला. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, तेव्हा ऐकलं म्हणून मला दोष नाही. साहेब समजूत घालत होते. चाचणीत तर बहुतेक उत्तरं बरोबर आली होती, मग आता काय अडलं? बाई म्हणत होत्या, चाचणीचे फोटोही ह्याच लोकांचे, त्यातही हेच हात, मग उत्तरं बरोबर येणारच. साहेब म्हणाले, कार्यक्रम होऊ द्या, स्टेजवर फळ झाडावर असतानाचेच फोटो दाखवा, दुरुस्ती मागाहून करता येईल. आता मागं गेलात तर प्रकल्प पुढं राहीलच असं मी सांगू शकत नाही.

बाईंनी फोन ठेवला आणि जेवायला बसल्या. आबांनी न राहवून विचारलं, मग काय करणार? बाई म्हणाल्या, “आबा, भिवामामांनी आपल्या ओट्यावर येऊन टोपी काढली. दुसऱ्या गावचा माणूस मला विचारायला येणार नाही. तो सरळ खड्डा खणेल.”

कार्यक्रम दौंडच्या एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं भिंतीवर तशीच होती, त्यामुळं सगळे साहेब लोक ‘शुभविवाह’ ह्याच्या खाली बसलेले. आम्ही गावातून जीप करून गेलो होतो. बाईंचे वडील शेवटच्या रांगेत बसले होते, सवयीनं.

बाई उभ्या राहिल्या. मागं मोठा पडदा. त्यांनी मोबाईल एका हातात धरला आणि दुसरा मोकळा हात त्याच्यापुढं केला. पडद्यावर त्यांचा हात आला, आणि खाली मोठ्या अक्षरांत, तेल्या रोग, फळे काढून नष्ट करा.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळं कार्यालय हसलं. साहेब मात्र पाण्याचं भांडं हातात धरून तसेच राहिले.

“मी ह्याला तीन वर्षं शिकवलं की शेतकऱ्याचा हात म्हणजे रोग,” बाई म्हणाल्या. “चूक त्याची नाही, माझी आहे. म्हणून आज हे सुरू होणार नाही. मला आणखी एक बहार द्या, एकच हंगाम. आणि ह्या वेळी चांगली फळंसुद्धा हातात धरून फोटो पाठवा.”

आता हसू थांबलं. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी उठून म्हणाली, “बाई, धरत्या फळाला हात लावायचा म्हंजी कसं व्हायचं? बाग आमची हाय.” दोघीतिघींनी माना हलवल्या. पुरुषही खाली बघायला लागले. मला कळलं, हे आता बसतंय की उठतंय ते इथंच ठरणार.

तेव्हा भिवामामा उठले. भाषणाची सवय नाही, त्यामुळं टोपी नीट करण्यात बराच वेळ गेला.

“मी येडा मानूस,” ते म्हणाले. “मला कुनी सांगितलंच न्हवतं हात लावू न्हाई म्हून. मी रोज समद्या फळांला हात लावतो. बाग उभी हाय. या बघायला.”

आणि लोक खरंच बघायला आले. पुढचे काही आठवडे निमोण्यात जत्रा होती. लांबच्या गावांहून बायका यायच्या, झाडांवरच्या साड्या उचलून फळं न्याहाळायच्या, मामांना दहा प्रश्न विचारायच्या, आणि जाताना हळूच एखाद्या फळाला बोट लावून बघायच्या. एक फळ गळालं तेव्हा मोठी खळबळ उडाली. मामांनी ते चिरून आतली अळी दाखवली. मग घरोघरून फोटो यायला लागले. चांगलं फळ, हातात. काही फोटोंत हात इतका घाबरलेला असायचा की फळ दोन बोटांच्या टोकांवर धरलेलं.

त्या दिवशी कार्यक्रमातून बाहेर पडताना बाईंचे वडील मला म्हणाले होते, “गाडी थांबवली पोरीनं. हिरवं निशाण कुणीबी दाखवतं.” आणि ते चष्मा पुसायला लागले.

बढती त्या वर्षी दुसऱ्याला गेली. कॉलेजकडून मिळणारी गाडी बंद झाली, बाई एसटीनं हिंडायला लागल्या. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. कदाचित खोलीत एकट्या असताना असेल, मला ठाऊक नाही. प्रकल्प मात्र राहिला. साहेबांनी नाइलाजानं का होईना, एका बहाराची मुदत दिली.

दुसरं अ‍ॅप आलं ते आजही आमच्याकडं वापरतात. बाजारात, बांधावर, कुठंही. त्यात बाईंनी एक नवीन गोष्ट घातली. पहिल्या मशीनला दोनच उत्तरं यायची, तेल्या किंवा निरोगी. नव्याला तिसरं येतं. ‘मला सांगता येत नाही, जाणत्या माणसाला दाखवा.’ बाई म्हणायच्या, तिन्हींत हे शिकवायलाच जास्त वेळ लागला. मी म्हटलं, का नाही लागणार? मी आबांना आयुष्यभर तेच शिकवतेय.

आबा ओट्यावरून म्हणाले, “ऐकतोय मी.”

मागच्या थंडीत बाईंनी खोली सोडली. आता त्या कांद्यावर काम करतात, नाशिककडं. निघायच्या सकाळी त्या परसात निरोप घ्यायला आल्या. सासूबाईंच्याच जागी मी आता वेल लावते. बाईंचं लक्ष माझ्याआधी गेलं. मांडवाच्या आत, पानाआड, करंगळीएवढे दोन दुधी धरले होते.

“मावशी, ते बघा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बोट मुडपून दाखवलं.

मी अशी संधी सोडणारी नाही. “कशावरून हो, बाई?”

त्या लाजल्या. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच बघत होते. “कशावरून काही नाही,” त्या म्हणाल्या. “पण दुधी तुमचा आहे. माझा असता तर सरळ दाखवलं असतं.”

मी फाट्यापर्यंत सोडायला गेले, एसटी आली. पुढं जागा होती तरी बाई पार मागं जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेत त्यांचं तोंड दिसलं, माझ्याकडं केलेलं. हात हलवत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

मी घरी आले. आबा झोपले होते, परसात कुणी नव्हतं. मी इकडंतिकडं बघितलं, हात लांब केला आणि डाव्या दुधीला सरळ बोट दाखवलं. उजव्याला नाही. निम्मे सोडायचे असतात, एवढं आता मला कळत होतं.

दोन्ही वाढले, चांगले हातभर. मी ते काढले, दोन्ही मांडीवर घेतले, आबांकडून फोटो काढून घेतला आणि ऐटीत बाईंना पाठवला. सगळी हकीकत लिहिली. मॅट्रिकचा निकाल कळवावा तशी.

बाईंचं लगेच उत्तर आलं. “ह्यातला बोट दाखवलेला कुठला, मावशी?”

मी दोन्ही दुधी पुन्हा हातात घेतले, फिरवले, देठापाशी बघितलं, उन्हात नेऊन बघितलं. मग खाली बसले आणि टाइप केलं, मला सांगता येत नाही.

त्यांचा एकच शब्द आला. “झकास.”